विषाणू तोच, साल वेगळं

नोव्हेंबर १९९४ : देवरीचा नाका

रात्रीचे अकरा वाजलेत. तुम्ही चोवीस वर्षांचे आहात, गाव लाखनीच्या बाजूला. टाटाच्या ट्रकवर भिलाईचं लोखंड लादलेलं आहे. दोन वर्षं क्लीनर म्हणून जॅक आणि पाने उचलले, औंदा उस्तादानं स्टिअरिंग हातात दिलं. रस्ता राष्ट्रीय महामार्ग ६. मागे राजनांदगाव, पुढे साकोली, लाखनी, वैनगंगेचा पूल, भंडारा आणि मग नागपूर. हद्दीवर गाड्यांची रांग लागलीय, कागद तपासून होईपर्यंत उजाडेल. गोंदिया जिल्हा वेगळा व्हायला अजून साडेचार वर्षं आहेत, म्हणजे नाका ओलांडला की तुम्ही आपल्या भंडारा जिल्ह्यातच आलात.

दिवाळी झाली. हलकं धान कापून झालंय, भारी धान अजून बांध्यांत उभं आहे. गावोगाव मंडई भरतेय, रात्रभर दंडार चालतेय. घरी जायची ओढ आहे, कारण वैशाखात तुमचं लग्न करायचं घाटतंय. पण रात्र लांब आहे, ढाब्यावर मोहाची मिळते, आणि ढाब्यामागच्या खोलीत एक बाई राहते. तिचा नवराही ट्रकवरच होता, दोन वर्षांपूर्वी वारला. कशानं, ते तिला कोणी सांगितलं नाही.

निरोध तुम्हाला माहीत आहे. आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लहानपणापासून वाचलाय. पाळणा लांबवायचं साधन, लग्न झालेल्यांची वस्तू. आज रात्री त्याची गरज आहे असं तुमच्या मनातही येत नाही.

आकड्यांच्या हिशेबानं तुम्ही सुटायला हवे होतात. स्त्रीकडून पुरुषाला एचआयव्ही हा विषाणू एका संबंधात जाण्याची शक्यता हजारात एकाहूनही कमी असते. पण महिन्याभरापासून तुमच्या अंगावर गरमीचा फोड आहे. लाजेपोटी डॉक्टरला दाखवला नाही, कुठून तरी आणलेला मलम लावताय. असा फोड असला की शक्यता कैक पटींनी वाढते. कातडी उघडी पडलेली असते हे एक. आणि फोडाशी झगडायला शरीरानं तिथं ज्या पेशी जमवलेल्या असतात, विषाणूला हव्या असतात त्या नेमक्या त्याच.

पहिला तास ते दहावा दिवस

आता त्या फोडाच्या कडेतून आत उतरा. तुमची उंची मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतकी झाली आहे, म्हणजे विषाणूएवढी. तो समोरच आहे. वर चरबीचं पातळ आवरण, त्यावर जेमतेम डझनभर खुंट, आत प्रथिनांची शंकूच्या आकाराची डबी आणि त्या डबीत आरएनएच्या दोन सारख्या दोऱ्या. एवढ्यावर त्याचा कारभार. तो खात नाही, वाढत नाही, स्वतःची पिलावळ स्वतः घालू शकत नाही. ते काम त्याला दुसऱ्याच्या पेशीकडून करून घ्यावं लागतं, आणि त्यासाठी वाटेल ती पेशी चालत नाही.

खुंटाच्या टोकाला जीपी-१२० नावाचं प्रथिन आहे. ते सीडी-४ या प्रथिनाला चिकटतं. अंगावर सीडी-४ बाळगणाऱ्या पेशींमध्ये मुख्य म्हणजे मदतनीस टी-पेशी. या पेशी स्वतः जंतू मारत नाहीत. जंतू कोणता आलाय, त्याच्यावर कोणी धावून जायचं, अँटीबॉडी कोणत्या बनवायच्या, हे इतर पेशींना त्यांच्याकडून कळतं. त्या गेल्या की बाकीच्यांच्या अंगात बळ असूनही काम सुचत नाही.

फोडाजवळ एक डेंड्रायटिक पेशी टेहळणीवर आहे. परकं काही दिसलं की ते पकडायचं आणि जवळच्या लसिकाग्रंथीत नेऊन टी-पेशींना दाखवायचं, ही तिची नेमणूक. ती आपलं काम चोख करते. विषाणूला घेऊन ती जांघेतल्या गाठीकडे निघते आणि जिथं टी-पेशींची सर्वांत दाटी आहे तिथं त्याला स्वतः पोचवते.

गाठीत शिरल्यावर खुंट सीडी-४ला चिकटतो, मग शेजारच्या सीसीआर-५ या दुसऱ्या प्रथिनाला. दोन्ही पकडी बसल्या की आवरण पेशीच्या आवरणात विरघळतं आणि डबी आत पडते. आता रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज हे विकर कामाला लागतं. एरवी सजीवांत डीएनएवरून आरएनए लिहिला जातो; हे विकर उलट, आरएनएवरून डीएनए लिहितं. लिहिताना चुकतं आणि चूक खोडत नाही, त्यामुळे विषाणूची प्रत्येक पिढी आधीच्या पिढीहून किंचित निराळी निघते. हा त्याचा गबाळेपणा पुढे आपल्याला फार महागात पडणार आहे.

तयार झालेला डीएनए पेशीच्या केंद्रकात जातो. तिथं इंटिग्रेज नावाचं दुसरं विकर तुमच्या स्वतःच्या डीएनएला चीर देतं आणि तो मजकूर मध्ये शिवून टाकतं. तुमच्या ३०० कोटी अक्षरांत सुमारे ९,७०० अक्षरं मिसळली. आता ती पेशी जगेल तोवर ती अक्षरं जगतील, आणि ती दुभंगली की तिच्या लेकींतही जातील. काही पेशी लगेच विषाणूच्या प्रती काढू लागतात. प्रोटिएज हे तिसरं विकर कच्ची प्रथिनं कापून त्या प्रती तयार करतं. काही थोड्या पेशी मात्र तो मजकूर पोटात ठेवून झोपी जातात. त्यांना औषध दिसत नाही, अँटीबॉडी दिसत नाही आणि त्याही कोणाला दिसत नाहीत.

विषाणूला या मुक्कामी घट्ट बसायला दोन-तीन दिवस लागतात. हे दोन-तीन दिवस ध्यानात असू द्या, पुढे कामी येतील. १९९४च्या भंडाऱ्यात त्यांचा काही उपयोग नाही. तुम्ही लोखंड नागपूरला उतरवलंय आणि परतीचा माल शोधताय.

तिसरा आठवडा

गावात भारी धानाचं चुरणं चाललंय. तुम्ही खळ्यावर आहात आणि दुपारी थंडी वाजून ताप भरतो. घसा दुखतो, मानेला आणि जांघेत गाठी आल्यात, छातीवर बारीक पुरळ उठलंय. भंडाऱ्याकडे तापाचं पहिलं नाव मलेरिया.

"मलेरियाच दिसते गा," डॉक्टर म्हणतात. क्लोरोक्विनच्या गोळ्या, एक इंजेक्शन. आठ-दहा दिवसांत ताप उतरतो. श्रेय गोळ्यांना जातं.

आत काय घडलं ते पाहा. शरीरातल्या सीडी-४ पेशींचा मोठा वाटा रक्तात नसतोच, तो आतड्याच्या अस्तरात असतो, आणि या तीन आठवड्यांत तिथल्या बहुतेक पेशी मारल्या गेल्या आहेत. रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये विषाणूच्या लाखो प्रती आहेत. तुमच्याकडून दुसऱ्याला लागण होण्याचा धोका सर्वांत मोठा आहे तो या दिवसांत. पण आज कोणी तुमची चाचणी केली, तर त्या काळची एलायझा "नाही" म्हणेल. ती विषाणू शोधत नाही, त्याच्याविरुद्ध बनलेल्या अँटीबॉडी शोधते, आणि त्या पुरेशा बनायला अजून काही आठवडे आहेत.

मग शरीर प्रतिकार उभा करतं. मारक टी-पेशी येतात, अँटीबॉडी येतात, विषाणूची संख्या लाखोंवरून काही हजारांवर उतरते आणि तिथं थबकते. ती कोणत्या आकड्यावर थबकली, यावर तुमची पुढची किती वर्षं बरी जातील हे ठरतं. तुम्हाला वाटतं, दुखणं गेलं.

मागे, आणखी मागे

विषाणूच्या जनुकांत साठत गेलेल्या चुका मोजल्या की तो कुठून कधी आला हे उलट चालत शोधता येतं. चला तसेच.

फेब्रुवारी १९८६, मद्रास. एक रात्रगाडी काटपाडीकडे निघालीय. डब्यात निर्मला ही सूक्ष्मजीवशास्त्राची विद्यार्थिनी बसली आहे, सोबत नवरा आणि बर्फात ठेवलेले रक्ताचे नमुने. सरकारी सुधारगृहातल्या स्त्रियांचे हे ऐंशीच्या वर नमुने तिनं हातमोज्यांशिवाय गोळा केले आणि काही काळ घरच्या फ्रिजमध्ये ठेवले. तिला हा विषय देणाऱ्या प्राध्यापक म्हणजे डॉ. सुनीती सॉलोमन. माहेरच्या गायतोंडे, मद्रासेत चामड्याचा व्यापार करणाऱ्या मराठी घरातल्या. हा रोग अमेरिकेतला, आपल्याकडे येणार नाही, असं बहुतेकांचं मत होतं. वेल्लोरच्या प्रयोगशाळेत सहा नमुने पिवळे झाले, म्हणजे पॉझिटिव्ह निघाले. अमेरिकेत फेरतपासणी झाली तेव्हाही उत्तर तेच. भारतात विषाणू आधीपासून होता. तोवर कोणी पाहिलं नव्हतं.

आणखी मागे. १९८३, पॅरिस : पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये विषाणू पहिल्यांदा हाती लागतो. ५ जून १९८१, अमेरिका : लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुणांच्या विचित्र न्यूमोनियाची नोंद छापून येते. १९५९, लिओपोल्डव्हिल, आजचं किन्शासा : एका माणसाचं रक्त कशासाठी तरी काढून ठेवलं जातं आणि त्यात अनेक वर्षांनी हा विषाणू सापडतो. आणखी मागे, विसाव्या शतकाची सुरुवात, कॅमेरूनच्या आग्नेयेचं जंगल : चिंपांझीची शिकार सोलताना रक्ताचा संपर्क. तिथून नद्या, रेल्वे, बंदरं, बराकी, बाजार. तुमच्या रक्तातला विषाणू 'सी' प्रकारचा आहे. भारतात बहुतेकांत हाच सापडतो आणि त्याचे जवळचे भाऊबंद दक्षिण आफ्रिकेत आहेत. देवरीच्या ढाब्यापर्यंत यायला त्याला अंदाजे ऐंशी-नव्वद वर्षं लागली. माणसं जिथं जिथं घर सोडून पोटामागं गेली, तिथं तिथं तो गेला.

१९९५ ते २००१ : तलावाची पातळी

वैशाखात लग्न होतं. वर्ष संपायच्या आत तुमच्या बायकोला ताप येतो, आठवड्यात जातो. तिनं देवरीचा नाका कधी पाहिलेला नाही. पुढच्या साली मुलगी होते. औषधाशिवाय अशा आईकडून बाळाला लागण होण्याचं प्रमाण शंभरात १५ ते ४५. तुमची मुलगी वाचलेल्यांत आहे, आणि हे घरात कोणालाच माहीत नाही.

तुम्ही धडधाकट आहात. पावसाळ्यात रोवणीला घरी येता, पऱ्हे वाहता, चिखलात दिवसभर वाकता. विषाणू झोपलाय असंच कोणालाही वाटेल, नव्वदच्या आधी शास्त्रज्ञांनाही तसंच वाटे. पण तुमच्या गावच्या मालगुजारी तलावाकडे पाहा. पाळीला झिरपा लागलाय, वरून नाल्याचं पाणीही येतंय. जेवढं जातं तेवढं येतं म्हणून पायरीवरची ओल जागची हलत नाही, आणि गाव निर्धास्त असतो. तुमच्या अंगात रोज विषाणूच्या अब्जावधी प्रती बनतात आणि रोज मारल्या जातात. टी-पेशी रोज मोठ्या संख्येनं मरतात आणि नव्या बनतात. बाहेरून पाहणाऱ्याला पातळी दिसते, उपसा दिसत नाही. १९९५-९६मध्ये डेव्हिड हो आणि इतर संशोधकांनी हा उपसा मोजला, तेव्हा शांत दिसणाऱ्या वर्षांचा अर्थच बदलला.

दरसाल येणारं थोडं कमी पडतं, जाणारं थोडं जास्त. निरोगी माणसात रक्ताच्या घन मिलिमीटरमध्ये ५०० ते १,५०० सीडी-४ पेशी असतात. तुमच्या ७००, मग ६००, मग ४५०. शरीर विषाणूचा एक चेहरा ओळखून अँटीबॉडी बनवतं, तोवर गबाळ्या विकरानं दुसरा चेहरा लिहिलेला असतो. शिवाय ज्या पेशींत विषाणू नीट शिरलाही नाही, अशाही असंख्य शेजारी पेशी दाह पेटवून स्वतःला संपवतात. विषाणू मारतो त्याहून कितीतरी जास्त त्या धगीत मरतात.

या सात वर्षांत बाहेर काय चाललंय? १९९६मध्ये व्हँकुव्हरच्या परिषदेत जाहीर होतं की तीन औषधं एकत्र दिली तर विषाणू दबतो. तो एका औषधाला चकवणारी चूक सहज करतो, तिघांना एकदम चकवणारी करणं त्याला फार अवघड जातं. पण त्या औषधांची किंमत माणसामागे वर्षाला १० हजार डॉलरच्या वर आहे. सांगलीत 'संग्राम' आणि 'वॅम्प' या संघटनांमधल्या वेश्याव्यवसायातल्या स्त्रिया निरोध नाही तर गिऱ्हाईक नाही, असं एकमेकींना शिकवताहेत. १९९७मध्ये मुंबई उच्च न्यायालय निकाल देतं की काम करायला सक्षम असलेल्या माणसाला एचआयव्ही आहे एवढ्यावरून सार्वजनिक उपक्रमाला नोकरी नाकारता येणार नाही. त्या खटल्यात अर्जदाराला नाव नाही, तो 'एमएक्स' आहे.

नाव का लपवावं लागलं, हे गोव्यात कळतं. १४ फेब्रुवारी १९८९ रोजी डॉमनिक डिसोझा या तरुणाला पोलिसांनी उचललं. तो नियमित रक्तदान करायचा, त्यात चाचणी पॉझिटिव्ह आली. राज्याच्या आरोग्य कायद्याखाली त्याला बंद पडलेल्या क्षयरोग रुग्णालयात ६४ दिवस कोंडून ठेवलं. अशा बातम्या ऐकलेल्या माणसाला कोणी चाचणी करून घे म्हटलं, तर तो का जाईल? तुम्हीही गेला नाहीत.

२००२ : नागीण

छातीच्या डाव्या बाजूला आग होते. दुसऱ्या दिवशी पाठीपासून पुढपर्यंत पाण्याच्या फोडांचा पट्टा. "नागीन झाली," आजी सांगते. शेजारच्या गावात नागीण उतरवणारा आहे, तो पट्ट्याच्या कडेनं गेरू लावतो आणि बजावतो, "दोन्ही तोंडं मिळू देऊ नोको, मिळले का माणूस गेला." आठवड्यानं फोड सुकतात, आग महिनाभर राहते.

ही लहानपणी आलेल्या कांजिण्यांची करणी. कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी तेव्हापासून दबा धरून होता, टी-पेशी त्याला दाबून होत्या. तुमच्या सीडी-४ आता ३००च्या आसपास आहेत. दाबणारा हात सुटला. तिशीतल्या माणसाला नागीण झाली की एचआयव्हीची चाचणी करावी, हे डॉक्टरांना तेव्हाही ठाऊक होतं. पण तुम्ही डॉक्टरकडे गेलातच नाही.

२००३ : पाळ फुटते

तोंडात दह्यासारखा पांढरा थर येतो. पातळ संडास थांबत नाही. पँट कमरेवर राहत नाही म्हणून सुतळी बांधता.

"काहून गा, येवढा वाळला?" ढाब्यावर विचारतात. ट्रक सुटतो.

मग खोकला, रात्रीचा घाम, क्षयरोग. भारतात असंख्य लोकांच्या फुप्फुसांत क्षयाचे जंतू आयुष्यभर कोंडून पडलेले असतात. त्यांच्याभोवती कडं करून बसलेल्या पेशींना सीडी-४चा आधार लागतो. तो गेला की कडं मोडतं. म्हणून आपल्याकडे एड्सच्या रुग्णाला सर्वांत जास्त गाठतो आणि सर्वांत जास्त मारतो तो क्षय.

नागपूरच्या मेडिकलला रक्त तपासतात. सीडी-४ पेशी ६२. २००च्या खाली आकडा गेला, किंवा असे संधिसाधू रोग झाले, की त्या अवस्थेला एड्स म्हणतात. एचआयव्ही म्हणजे विषाणू; एड्स म्हणजे तो नऊ वर्षं मोकळा राहिल्यावर शरीराची झालेली स्थिती. दोन्हींत अंतर आहे ते वेळेचं.

औषध तोवर भारतातच बनतंय. फेब्रुवारी २००१मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीच्या युसूफ हमीद यांनी तीन औषधांचा वर्षाचा साठा ३५० डॉलरला, दिवसाला एका डॉलरहून कमी दरानं, 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स'ला देऊ केला आणि जगभरच्या किमती कोसळल्या. पण त्या कोसळलेल्या किमतीचेही वर्षाला सोळा हजार रुपये होतात. तुमच्या घरात ट्रक सुटल्यापासून रोजी नाही.

नोव्हेंबरमध्ये डोकं ठणकू लागतं, मान वळत नाही, उजेड सोसत नाही. क्रिप्टोकोकस ही मातीत आणि कबुतरांच्या विष्ठेत असणारी बुरशी मेंदूच्या आवरणात पोचली आहे. ती रोज प्रत्येकाच्या श्वासातून जाते आणि कोणाचं काही बिघडत नाही. तुम्ही ३३व्या वर्षी मरता. मृत्यूच्या दाखल्यावर विषाणूनं स्वतः केलेलं असं एकही दुखणं नाही.

तुमची ताटवाटी वेगळी झाली होतीच, आता बायकोची होते. "माह्या पोराले हिनंच खाल्लं," असं सासू म्हणते. मुलीला घेऊन ती माहेरी, पवनीकडे, जाते.

१ एप्रिल २००४ : पाच महिने उशीर

या दिवशी भारत सरकार मोफत एआरटी, म्हणजे विषाणू दाबणारी औषधं, द्यायला सुरुवात करतं. देशभरात पहिल्यांदा आठ केंद्रं, महाराष्ट्रातलं मुंबईचं जे. जे. रुग्णालय. औषधं तीच, जी मार्चमध्येही दुकानात होती. सुरुवातीला सीडी-४ २००च्या खाली गेल्याशिवाय गोळ्या मिळत नाहीत. मग ती अट ३५० होते, मग ५००.

तुमच्या बायकोचं घड्याळ तुमच्यापेक्षा थोडं मागे होतं, आणि तेवढ्यानं ती वाचली. २००७मध्ये तिच्या सीडी-४ १८० असताना नागपूरच्या केंद्रातून तिला गोळ्या सुरू होतात. त्यातल्या स्टॅव्हुडिननं गाल बसतात, पायांना मुंग्या येतात. बाजारात ओळखणारे गालावरून ओळखतात. ती गोळी चुकवत नाही. पुढे स्टॅव्हुडिन बंद होतं. आज ती रोवणीला जाते, लेकीचं लग्न तिनं केलंय. तुमच्याकडून तिला गेलेला विषाणू तिच्यात अजून आहे, आणि तुमच्या मृत्यूला वीस वर्षं उलटून गेली आहेत.

आज : भंडारा

आता तुम्ही पुन्हा चोवीस वर्षांचे व्हा. तोच रस्ता, आता त्याला राष्ट्रीय महामार्ग ५३ म्हणतात. तीच रात्र, तोच फोड, तीच चूक. विषाणूही तोच, त्याच्या डावपेचांत तिळभर फरक नाही. आता यातून पुढे तुम्ही कधी जागे होता, त्याप्रमाणे गोष्ट बदलते.

७२ तासांच्या आत जागे झालात, तर ते दोन-तीन दिवस कामी येतात. २८ दिवसांचं औषध घेतलं तर विषाणू बूड टेकवायच्या आत अडवता येतो. सुई टोचलेल्या परिचारिकेला, अत्याचार झालेल्या स्त्रीला सरकारी रुग्णालयात हे औषध देतात. तुम्हाला ते कुठं मिळेल हे त्याच दिवशी जाऊन विचारावं लागेल. जितकं लवकर तितकं चांगलं. चौथ्या दिवशी फार उशीर झालेला असतो.

काही आठवड्यांनी जागे झालात, तर जिल्हा रुग्णालयातल्या चाचणी केंद्रात फुकट तपासणी होते. आधी बोलतात, संमती घेतात, निकाल फक्त तुम्हाला सांगतात. एक चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणून शिक्का मारत नाहीत, तीन वेगवेगळ्या चाचण्यांनी खात्री करतात. २०१७पासून सीडी-४ किती हे पाहून थांबवून ठेवत नाहीत. निदान झालं की गोळी सुरू.

गोळी दिवसाला एक. तिच्यात तीन औषधं आहेत आणि ती कुठं काम करतात हे तुम्ही आतून पाहून आला आहात. टेनोफोव्हिर आणि लॅमिव्हुडिन उलटं लिहिणाऱ्या विकराच्या तोंडात खोटी अक्षरं कोंबतात, लिखाण अर्ध्यात तुटतं. डोलुटेग्राव्हिर इंटिग्रेजला शिवू देत नाही. काही महिन्यांत रक्तातला विषाणू मोजायच्या यंत्राला सापडेनासा होतो, आणि तो तसा राहिला तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. हजारो जोडप्यांवर पाहून झालेली गोष्ट आहे ही. गरोदर स्त्रीनं वेळेवर औषध घेतलं, तर बाळाला लागण होण्याचं प्रमाण शंभरात पाचाच्या खाली येतं.

गोळी आयुष्यभर का, तेही तुम्ही पाहिलंय. पहिल्याच दिवसांत झोपी गेलेल्या त्या पेशी. औषध लिखाण थांबवतं. आधीच शिवलेला मजकूर उसवत नाही. गोळ्या सोडल्या की बहुतेकांत काही आठवड्यांत विषाणू परत वर येतो. जगात बरे झालेले मोजके लोक आहेत. बहुतेकांना कर्करोगासाठी अस्थिमज्जा बदलावी लागली होती आणि दात्याच्या पेशींत सीसीआर-५चं दार जन्मतःच नव्हतं. तो उपाय रोगाहून जोखमीचा, भंडाऱ्यातल्या कोणाच्या कामाचा नाही.

पाचव्या वर्षी जागे झालात तरी गोळी तीच. नागीण निघाल्यावर, आठव्या वर्षी आलात तरी मिळेल, सोबत क्षय टाळायची औषधंही. पण दरम्यान तुमच्या बायकोला लागण झालेली असेल आणि आतड्यातलं नुकसान पूर्ण भरून येणार नाही. मेंदूज्वर घेऊन स्ट्रेचरवरून आलात, तर आजही जीव जातो. देशात एचआयव्हीसह जगणारे सुमारे २५ लाख लोक आहेत, सर्वाधिक महाराष्ट्रात, आणि अजूनही अनेक जण सीडी-४ २००च्या खाली गेल्यावर पहिल्यांदा केंद्राची पायरी चढतात. औषध फुकट असताना ते १९९४चं आयुष्य जगून येतात.

कायदा आता त्यांच्या बाजूला आहे. १० सप्टेंबर २०१८पासून लागू झालेल्या एचआयव्ही-एड्स कायद्यानं संमतीशिवाय चाचणी करायला, कोणाचा निकाल फोडायला, या कारणावरून नोकरी, शाळा, घर किंवा उपचार नाकारायला बंदी आहे. डॉमनिकला कोंडणं आज गुन्ह्याच्या पंक्तीत बसेल. गाव मात्र अजून जुन्याच प्रश्नावर अडलेला असतो : कोणापासून झालं? या प्रश्नाच्या उत्तरानं आजवर एकही सीडी-४ पेशी वाढलेली नाही. तो विचारला जाईल या भीतीनं माणसं घरी बसली आणि तलाव आटत गेला.

केंद्रातली समुपदेशक हे विचारत नाही. तिच्या टेबलासमोरच्या खुर्चीत बसलात की ती दार लोटून घेते आणि विचारते, "किती दिवस झाले, भाऊ?" तिचं पुढचं सगळं काम या उत्तरावर ठरतं. दिवस मोजता येत असतील, तर आजच जा. वर्षं झाली असतील, तरी आजच जा. आणि जायच्या आधी नाव न सांगता कोणाशी बोलायचं असेल, तर १०९७ हा फोन फुकट आहे, तिथं मराठीत बोललेलं चालतं.